हातातल्या चपला

खोट्या ओसरीवर चढायला मी खऱ्या चपला काढल्या. नुसत्या काढल्या नाहीत, हातात घेतल्या. डोळ्यांवर डबड्यासारखा चष्मा, हातात चपला आणि खोलीभर हसणारी माणसं. एवढा माझा मूर्खपणा.

झालं असं. सौंसरच्या आमच्या बागमालकांच्या नातवानं पांढुर्ण्यात कंपनी काढली. चष्मा लावला की नागपूरचा, परदेशातला, कुठलाही माणूस एकाच ओसरीवर येऊन गप्पा मारतो. माझी नात सोनू तिथं हे देखावे तयार करते. पहिल्यांदा दाखवायला आम्हा म्हाताऱ्यांना बोलावलं. चष्म्यात पाहते तर ओसरी मालकांचीच! तीच पायरी. तीच पितळी कड्यांची झुलती बंगई.

त्या बंगईवर मी जन्मभर जळले. सुमनबाई आणि मी एकाच साली लग्न होऊन सौंसरात आलो. ती मालकीण झाली, मी तिच्या अंगणात संत्री निवडायला बसले. तिच्या पाटल्यांचं मला काही नव्हतं. पण भर दुपारी पाय वर घेऊन झोके घ्यायची ना, कड्या करकरायच्या अन् माझा जीव करपायचा. आम्हा बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांनी त्या घरापुढून चपला हातात घेऊन जायचं, अशी रीत. तेव्हाची मी, बावळट नवरी, नव्या चपला हातात मिरवायची आणि वर म्हणायची, बरंच आहे, झिजत तर नाहीत! आज ती नवरी भेटली तर कान उपटीन तिचा.

रीत केव्हाच मोडली. पोरं बूट वाजवत जातात. माझ्या हातातून तेवढी सुटली नव्हती.

सुमनबाईही चष्मा लावून बसली होती. बंगईवरूनच बोलली, "पाहा, रीत विसरली नाही अजून. असे माणसं राह्यले नाही आता."

शाबासकी होती ती. शिवी दिली असती तर पचवली असती.

चष्मा वर केला. सगळे हसत होते, सोनूची मान खाली. माझ्यामुळे खाली. ते लागलं.

चपला जमिनीवर टाकल्या. घातल्या. चष्मा पुन्हा ओढला. सोनूनं मागून खुर्ची सरकवली, मी बसले. चष्म्यात मी बंगईवर होते, सुमनबाईच्या खांद्याला खांदा.

"अवं, माही बंगई होय थे!"

"होय ना. सरक जराशी."

उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला एकेरी बोलले. कोणी हसलं नाही.

म्हटलं, आता पाय वर घ्यावे. खाली पाहते तर पायच नाहीत! सुमनबाईही कमरेपर्यंतच. तिनं आयुष्यभर पाय वर घेतले, अन् माझी पाळी आली तर ही गत. पुन्हा जळले.

मालकांचा नातू म्हणाला, "आजी, पाय कोणालेच नाही दिले. बसून गप्पा कराले पाय काऊन लागते?"

"ज्याच्या पायातल्या चपला कोणी काढल्या नाही, त्याले नाही लागत."

चष्मा काढून त्याच्या हातात दिला. 

सोनू अन् मी बसनं सौंसरला उतरलो. त्या घरापुढून आम्ही दोघी चपला घालून गेलो. मी तर मुद्दाम फटफट वाजवत गेले. कोपऱ्यावर सोनू थांबली. म्हणाली,

"आजी, उद्यापासून मी पाय बनवतो. त्यानं नाही म्हटलं तरी. चपलेसकट."