डुगडुगणारी फळी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — विचारू नका, सांगून टाकते.

हैदराबादेबाहेर भातावर संशोधन चालतं, अशा एका शेतावर मी नोकरी करते. शहरातल्या बरकतपुऱ्यात वाढलेली मी, चिखलाशी माझा काय संबंध? पण शिकले. पाणी साचलेल्या खाचरातून मिथेन निघतो, हवा तापवणारा वायू. तो मोजायचा तर रोपांवर पेटी उपडी ठेवायची, सिरिंजने आतली हवा काढायची — आणि हे सगळं फळीवर उभं राहून. चिखलात पाय दिला की आत अडकलेले बुडबुडे वर येतात, आकडा उगाच फुगतो. नव्या पोरींना हे शिकवायचं कोणी? मीच. एकदा लावण्या नावाच्या पोरीचा पाय खाली पडला, तर चारचौघांत तिला काय काय बोलले मी.

लावण्या माझी सहकारी, नलगोंड्याकडची. भाताच्या तुसाचा कोळसा मातीत मिसळला तर हा वायू कमी होईल, ही तिची कल्पना. मोठ्या मिनतवारीने तिला खाचराचा एक तुकडा मिळाला.

बाकीकडच्या फळ्या पक्क्या होत्या, तिच्या तुकड्यातली तेवढी डुगडुगायची. मी तीवरून एकदा पडले होते, सगळे हसले होते. पुन्हा पडायचं नव्हतं — एवढंच. फळी बदलून मागायची, तर भीती वाटते म्हणावं लागलं असतं. नाही म्हणवलं. आसपास कुणी नसलं की मी खाली चिखलात उतरून मोजायची. हंगामभर. आकडे फुगतील हे कळत नव्हतं का मला? चांगलं कळत होतं.

सगळ्यांत जास्त वायू तिच्याच तुकड्यात निघाला. साहेबांनी प्रयोग बंद केला. लावण्या माझ्यापाशी येऊन रडली. "अक्का, मेरे सेच गलती हुई हुंगी. कोयला बराबर नै मिलाई मैं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लाज वाटली — पण बोलण्याइतकी नाही.

पुढे तिने नोकरी सोडली. आता दिलसुखनगरला एका क्लासमध्ये शिकवते. परवा भेटली, चहा पाजला. हसत सांगत होती, मुलांना मी तुमचंच उदाहरण देते अक्का — आपली कल्पना कितीही लाडकी असो, नीट मोजणाऱ्याचं ऐकावं.

मी चहा संपवला.

तिचा कोळसा खरंच गुणाचा होता की नाही, मला ठाऊक नाही. तिलाही नाही. तेव्हा मी चिखलात उभी होते.