शिल्लक शून्य

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला एक कार्ड टांगलेलं असतं. किती माल आला, किती गेला, किती उरला, ते त्यावर लिहितात. वार्षिक मोजणीत एका कार्डावर शिल्लक शून्य होती, पण खणात हात घातला तर तेलकट कागदात गुंडाळलेलं एक बेअरिंग लागलं. शेजारच्या खणातही तसंच.

"सावंतकाकांनी ठेवलंय ते," स्टोअरचे जुने मदतनीस शिंदेमामा शिडीवरून म्हणाले. "मशीन अडलं तर असावं म्हणून. मागायला गेलं की आधी नाहीच म्हणायचे. चहा पाजला की निघायचं. नोंदवू नका मॅडम, कार्डावर दिसलं की उद्याच कोणीतरी घेऊन जाईल."

माझ्या आधी स्टोअर सांभाळणारे काका जाऊन वर्ष झालं. मी त्यांना पाहिलेलं नाही, फक्त त्यांच्या खुर्चीवर बसते आणि त्यांचं अक्षर वाचते. सगळे शून्य म्हणतात तिथेही माणूस थोडा उरत असेल का? आणि तो उरलेला मोजला की संपतो का?

मोजणीखाली सही माझी होती. मी शून्याखाली एक लिहिला. मामांनी शिडी पुढच्या खणाला लावली.

बेअरिंग पुन्हा गुंडाळायला घेतलं, तर कागद काकांच्याच घड्यांवर मिटत गेला.