पुरस्कार म्हणजे पुढे करणे

चिंचवड स्टेशनजवळ सन्मानचिन्हं कोरून देणारे एक गृहस्थ आहेत. कंपनीच्या कामासाठी मी त्यांच्याकडे नेहमी जातो. त्यांचं नाव मला माहीत नाही. सगळे काका म्हणतात. मजकूर हातात घेतला, की चष्मा कपाळावर सरकवून ते विचारणारच, "बक्षीस लिहू, पारितोषिक की पुरस्कार?" "काहीही लिहा हो," म्हटलं की रुसतात. घाईतली गिऱ्हाइकं वैतागतात.

मागच्या महिन्यात मी दुकानात असताना एक बाई आल्या. नवऱ्याचा चाकणचा कारखाना बंद पडला होता. सगळं आयुष्य मशीनवर गेलं, पण निरोपाचा हारसुद्धा मिळाला नव्हता. म्हणून त्या स्वतःच त्याच्यासाठी सन्मानचिन्ह करून घ्यायला आल्या होत्या.

"बक्षीस लिवा," त्या हळूच म्हणाल्या.

"नको ताई," काका म्हणाले. "बक्षीस वरचा खालच्याला देतो. आपण पुरस्कार लिहू. पुरस् म्हणजे पुढे. माणसाला चारचौघांत पुढे करायचं."

"चारचौघं कुठनं आणू? घरात आमी दोघंच हाय."

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मी येतो रविवारी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हेही येतील."

मला नाही म्हणवलं नाही. रविवारी आम्ही मोशीला त्या बाईंच्या घरी गेलो. काकांनी उभं राहून नाव मोठ्यानं वाचलं. भिंतीला टेकून बसलेले बाईंचे यजमान गडबडून उठले.

"थांबा जरा," म्हणत आत गेले, आणि कंपनीचा युनिफॉर्म घालून बाहेर आले.