खडा हातात देणारे सर

ऑपरेशन संपलं की नाबर सर आधी हात धुवायचे, मग चहा घ्यायचे आणि मग स्वतः बाहेर जाऊन नातेवाइकांच्या हातात खडा द्यायचे. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, स्वच्छ धुतलेला. "हा बघा तुमचा भाडेकरू. डिपॉझिट न देता राहिला होता." परळच्या आमच्या इस्पितळात पोट उघडून पित्तनळीतले खडे काढणारा त्यांच्यासारखा हात दुसरा नव्हता, आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. लालबाग-काळाचौकीतल्या कितीतरी घरांत देवाच्या फळीवर त्यांची बाटली असे.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे तोंडावाटे दुर्बीण घालून खडे काढायला शिकून आले, तेव्हा वाटलं, आता सर माझ्याशी उभा दावा मांडणार. झालं उलटंच. आपले पेशंट ते माझ्याकडे पाठवू लागले, सगळे नाही, निवडून. म्हणायचे, "पित्ताची नळी म्हणजे चाळीतला सामाईक नळ. तुंबला की सगळ्या बिऱ्हाडांची बोंब. भिंत फोडायची की वरून तार घालायची, हे भिंत बघून ठरवायचं. आपल्याला काय येतं ते बघून नाही." पोट उघडलं तर खडा हमखास हाताला लागतो, पण वीतभर टाका आणि पूर्ण भुलीचा भार. दुर्बिणीत टाकाच नाही. पण स्वादुपिंड सुजायची भीती, आणि खडा मोठा असून अडून बसला तर माघार. दोन्ही बाजू ते अशा मांडायचे की त्यांचा स्वतःचा कल कुठे, हे कळू नये.

काळाचौकीच्या परबमावशी आल्या त्या कावीळ आणि हुडहुडी भरणारा ताप घेऊन. हृदय थकलेलं. त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन पूर्वी सरांनीच केलं होतं. दुर्बिणीचं नाव काढताच त्यांनी तोंड फिरवलं. "माका तुम्हीच कापा. ह्यांका कापल्यात तसा."

आणखी उशीर झाला असता तर विष रक्तात भिनलं असतं. सर स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसले. "मावशी, मी कापलं तर खडा माझ्या हातात येईल. तुम्ही परत याल याची खात्री नाही."

मावशींनी मान वळवून मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "ह्या पोरीन केल्यान तर तुम्ही थंय उभे रवशात?"

"राहतो."

आणि राहिले. क्ष-किरणांपासून बचावाचा शिशाचा जड एप्रन घालून, मावशींच्या ओठांतून ओघळणारी लाळ पुसत. मी खडा नळीतून ओढून आतड्यात सोडला. या पद्धतीत तो पुढे शौचावाटे निघून जातो, हातात काही येत नाही.

बाहेर मुलगा प्रमोद वाट बघत होता. "खडा?" मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून आतच आहे ना मॅडम? मग केलं काय?"

सिस्टर हळूच सरांना म्हणाल्या, "जुन्यातला एखादा देऊन टाकू, सर. म्हातारी खूश होईल."

"दुसऱ्याचा खडा हिच्या देवाजवळ? नको." सर प्रमोदकडे वळले. "दाखवायला माझ्याकडे काही नाही. आईचे डोळे बघत राहा. पिवळेच राहिले तर माझी कॉलर धर."

त्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "रिकाम्या हाताने बाहेर जाणं फार जड जातं ग." एवढा नावाजलेला माणूस, पण मला त्यांची फार माया आली.

मावशींचे डोळे हळूहळू निवळले. प्रमोदने कॉलर धरली नाही, पण आभारही मानले नाहीत. त्याची शंका पुरती फिटली नसावी.

गेल्या वर्षी सर गेले. दादरच्या त्यांच्या घरी मी बसले होते, तेव्हा परबमावशी प्रमोदचा हात धरून, दम खात जिना चढून आल्या. सरांच्या फोटोला हात जोडून माझ्याशेजारी टेकल्या.

"सरांनी माका सुरी लावूक नाय गो बाय," त्या म्हणाल्या, "पण माका बरा तेंनीच केल्यानी."