विष न्हाय, वेष!

रंजना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानकोलीच्या गोडाऊनमध्ये परत आलेल्या मालाची खोकी तपासत होते. तिचा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, रंजू गेली." फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? आता देवभूतीच्या खुनावरून मी भांडू कुणाशी? दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजाची आठवण अशा वेळी यावी, हे वेडेपणाचं वाटेल. पण रंजना भोईरला ओळखणाऱ्यांना तसं नाही वाटणार.

आम्ही भिवंडीच्या कॉलेजात इतिहासाच्या वर्गात भेटलो. ती खारबावची, मी गणेशपुरीकडची. दोघींच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेलं आधी कुणी नव्हतं, आणि त्याचा आम्हाला चांगलाच तोरा होता... मला अजूनही आहे. पदवी झाल्यावर दोघी एकाच गोडाऊनला लागलो. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया सिरीयलवर बोलायच्या, आम्ही शुंगांच्या शेवटच्या राजावर. देवभूती नावाचा हा राजा चैनीत बुडालेला, त्याला त्याचाच अमात्य वसुदेव याने संपवलं आणि स्वतः गादीवर बसला, एवढं आमच्या पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं. रंजनाला ती ओळ पुरेना. "अगं, खून असा एका ओळीत मिटतो होय? कसा केला? बघितला कोणी?"

मग आमचा तपास सुरू झाला. काय दिवस होते ते! सुट्टीच्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी आम्ही दारात हजर. पुराणांत सापडलं की अमात्य राजाला मारेल आणि राज्य घेईल. मारेल! घडून गेलेली गोष्ट भविष्यकाळात. रंजना इतकी हसली की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आपला सुपरवायझर यांच्याकडूनच शिकला. गाडी निघून गेल्यावर म्हणतो, गाडी निघेल." नंतर हाती लागला एक दरबारी कवी. खुनानंतर सातेकशे वर्षांनी लिहिणारा. त्याच्याकडे एक नवीनच माणूस निघाला, राजाच्या दासीची मुलगी. पुराणांत तिचा पत्ता नाही. इथे खून तिच्या हातून, आणि नाव मात्र तिला इथेही नाही. रंजना त्या बिननावाच्या पोरीला चिकटली ती शेवटपर्यंत. गोडाऊनचा रिवाज तिला ठाऊक होता. खोक्यातून माल कमी निघाला, की शेवटचा हात जिचा लागला तिला आधी उभं करतात. "इथंही तेच," ती म्हणाली. "गादी मिळाली अमात्याला, आळ पोरीवर."

खून कसा झाला, तेही तिनेच शोधलं. तळटीपेत मूळ संस्कृत ओळ होती, तिच्यात शब्द होता, व्यंजना. रंजना खुर्चीतून उठलीच. "व्यंजन! जेवण गं! पोरीच्या हातून राजाला विष घातलं त्यांनी!" आम्ही बाहेर येऊन सोडा लेमन प्यायलो, जणू मारेकरी आम्हीच पकडला. वाचनालयाने तिचं व्याख्यान ठेवलं. फ्लेक्स छापले, 'राजाला विष: एका खुनाचा तपास', खाली वक्त्या रंजना भोईर. एक फ्लेक्स तिच्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः खारबावच्या नाक्यावर बांधला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवला.

व्याख्यान दोन दिवसांवर आलं, तेव्हा उच्चार नीट करून घ्यावेत म्हणून आम्ही संस्कृतच्या एका निवृत्त सरांकडे गेलो. सरांनी ती ओळ वाचली आणि हसू दाबत म्हणाले, "पोरींनो, हे जेवणातलं व्यंजन नव्हे. व्यंजन म्हणजे खूण, सोंग. ती मुलगी राणीच्या वेषात गेली होती. आणि हे क्रियापद बघा. मारलं नाही, मारवलं. मारवणारा अमात्य."

मला वाटलं, रंजना आता रडणार. जिन्यावर येऊन ती माझा दंड धरून उड्या मारायला लागली. "मारवलं! ऐकलंस ना? कवीनंच लिहून ठेवलंय गं, करवणारा वसुदेव!" विषाचं तिला काहीच वाटलं नव्हतं. वाटलं ते घरी गेल्यावर. अण्णा भडकले. "सगल्या गावानं वाचलाय त्यो. आता चुकला बोलशील तर लोक हसतील. विष काय नि वेष काय, राजा मेला ना? कोनाला कलतंय?"

"मला कळतंय ना," रंजना म्हणाली. "त्या पोरीवर आधीच केवढा आळ हाय, अण्णा. त्यात माज्या पदरचं विष घालू?"

संध्याकाळी ती नाक्यावरच्या फ्लेक्सपुढे स्टुलावर चढली. पांढऱ्या रंगाने वेलांटी पुसली, काळ्या मार्करने 'व'वर मात्रा दिली. 'राजाला वेष'... अर्थ लागेना! खाली उभी मी हसून हसून बेजार. पण व्याख्यानाची सुरुवात तिने तिथूनच केली. आपलं काय चुकलं, कसं चुकलं, हे आधी सांगितलं. लोक हसले, आणि मग असे कान देऊन बसले, की चहा आला तरी कुणी हललं नाही. अण्णा शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

पुढे आजार आला. औषधं बदलली, डॉक्टर बदलले... तेवढंच सांगते. इस्पितळातही ती म्हणायची, "तिचं नाव काय असेल गं?"

गेल्या आठवड्यात खारबावला गेले. अंगणात पेंढ्यावर तोच नाक्यावरचा फ्लेक्स घातलेला, अक्षरं वर करून. उन्हाने राजा विटला होता, 'वक्त्या रंजना भोईर' जेमतेम लागत होतं. मात्रा तेवढी ठसठशीत, आणि काळी नाही, हिरवी. घराच्या दाराला असतो तो ऑइल पेंट.

मी अण्णांकडे बघितलं. ते पेंढा सारखा करत राहिले.

"तिची मात्रा पुसत चालली होती," ते म्हणाले. "न्हायतर येनारा-जानारा विष वाचंल."