गिऱ्हाइकाकडे वळवलेली स्क्रीन

कचेरीच्या मागच्या गल्लीत टायपिंगचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात प्रिंटर. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे तिजोरीबाई म्हणत. घटस्फोटाचे अर्ज, साहेबांविरुद्धच्या तक्रारी, सख्ख्या भावांची भांडणं, कुणाला सांगता न येणारी दुखणी, हे सगळं तीस वर्षं त्यांच्या बोटांखालून गेलं होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर फुटलं नव्हतं.

"बाईंचं पोट फाडलं तरी काही सापडायचं नाही," समोरचा झेरॉक्सवाला म्हणायचा.

"फाडून बघू नकोस. नंतर शिवायलाही तुलाच बसवीन," बाई म्हणायच्या.

कामाची त्यांची एक रीत होती. टाइपरायटरच्या दिवसांत काम झालं की त्या कार्बन पेपर उजेडात धरत. त्यावर अख्खा मजकूर उमटलेला असे. तो गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्यासमोरच त्याचे तुकडे करत. कॉम्प्युटर आल्यावर कागद छापून झाला की त्या कीबोर्ड पुढे सरकवत. "तुमच्या हाताने पुसा." गिऱ्हाईक एका बोटाने फाइल पुसून टाकी आणि हलकं होऊन निघून जाई. स्क्रीनसुद्धा कायम गिऱ्हाइकाकडे वळवलेली. "पत्र तुमचं, नजर तुम्ही ठेवा," असं त्या म्हणत. त्यांना बघायची गरजच नव्हती. समोरचा सांगत असे, बाईंची नजर त्याच्या तोंडाकडे आणि बोटं आपली चाललेली. शेवटी छापलेल्या कागदावरून त्या एकदा चष्मा फिरवत, बस.

जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली तेव्हा त्यांच्या भाचीने नवा आणला. भाची कॉम्प्युटर कंपनीत कामाला होती, म्हणून बाई तिला इंजिनीअरीणबाई म्हणत.

"मावशी, याला स्वतःची अक्कल आहे. तू काय काम करतेस ते बघून हा आपणहून मदत करतो."

"अक्कल असेल तर गप्प बसायला शिकव त्याला."

भाची हसली. स्क्रीनवर एकामागून एक प्रश्न येत होते. तिला परतायची घाई होती. "हो", "हो", "पुढे", "पुढे" असं दाबत ती पाच मिनिटांत मोकळी झाली. त्यातल्या एका "हो"ने त्या मशीनला दर थोड्या सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढायची, त्यातलं वाचायची आणि लक्षात ठेवायची मुभा दिली. हे भाचीला अर्धवट कळलं होतं. बाईंना मुळीच नाही.

त्याच सुमाराला धुलाईवाली पहिल्यांदा आली. ती मोठ्या दवाखान्यात चादरी धुण्याच्या विभागात होती. ब्लीचने तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. तिला वाचता यायचं, पण लिहायला बसलं की हात थिजायचा. ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "लग्नाआधी मला एक मुलगी झाली होती. संस्थेत दिली. आता ती तेवीस वर्षांची आहे आणि मला शोधतेय."

बाईंनी दार लोटून घेतलं.

संस्थेच्या अर्जात खरं नाव आणि घरचा पत्ता घालावाच लागला. पत्रं मात्र दुकानाच्या पत्त्यावर मागवली. "मालकांना यातलं काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "दोन मुलं आहेत पदरी. बाई, हे जर..."

"पुसा," बाई म्हणाल्या.

तिने बोट ठेवलं ते इतक्या जोरात, की कळ उखडते की काय असं बाईंना वाटलं.

अकरा महिन्यांत पाच पत्रं गेली, पाच आली. मुलीने विचारलं होतं, तुमची उंची किती? मी वर्गात सगळ्यांत उंच होते, लोक विचारायचे कुणावर गेलीस. ते वाचून धुलाईवाली उठून उभी राहिली आणि भिंतीला पाठ लावून म्हणाली, "मोजा की बाई." बाईंनी टेबलाच्या खणातल्या फूटपट्टीने मोजलं. दोघी हसून हसून बेजार झाल्या. पाचव्या पत्रात भेट ठरली. पुढच्या महिन्यात संस्थेच्या कचेरीत, रविवारी सकाळी. मालकांना ती जादा पाळी म्हणून सांगणार होती.

त्या आठवड्यात मशीन चालू करताना त्यात काहीतरी नवी सोय आल्याची पाटी स्क्रीनवर दिसली. अशा पाट्या येतच असत. बाईंनी "पुढे" दाबलं आणि स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवली.

दुपारी एक बसचालक आला. साधा, शांत माणूस, खाकी शर्टाची वरची गुंडी तुटलेली. पाठ दुखते म्हणून लांबच्या फेऱ्या बंद करून मागायच्या होत्या. त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता टाइप करता करता बाईंची बोटं जराशी अडखळली. हा धुलाईवालीचा नवरा. पण चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही, एवढं तीस वर्षांत त्या शिकल्याच होत्या.

"हं, पुढे?"

बसचालक स्क्रीनकडे झुकला होता.

"पुढे काय लिहू?"

तो काहीतरी वाचत होता. बाई उठून टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे गेल्या. अर्जाच्या शेजारी एक पट्टी उघडली होती. "या पत्त्याचं काम तुम्ही आधी केलं आहे. संदर्भ हवे का?" त्याखाली सहा छोटी चित्रं, एक संस्थेच्या अर्जाचं आणि पाच पत्रांची. आणि त्याखाली मशीनने स्वतःच्या अकलेने काढलेला सारांश: "मुलीला पत्रं. लग्नाआधीचा जन्म. पतीला माहीत नाही. भेट ठरली आहे."

बाईंनी प्लग उपटला. तोवर सगळं वाचून झालं होतं.

"हे माझ्या घरचंच आहे ना?" त्याने विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. बाईंना खोटं सुचलं नाही. त्याने अर्धवट अर्जाचा विषयही काढला नाही, टोपी उचलली आणि निघून गेला.

बाई दुकान उघडं टाकून दवाखान्याकडे धावल्या. धुलाईच्या खोलीत वाफ कोंडली होती, यंत्रं गरगरत होती. "ती तर आत्ताच गेली," एकजणी म्हणाली. "मालक न्यायला आले होते. कधी येत नाहीत, आज आले."

संध्याकाळी भाची आली. तिने मशीन चालू केलं आणि ती जागा शोधून काढली. फोटोच फोटो. अकरा महिन्यांतली प्रत्येक तक्रार, प्रत्येक दुखणं, आपल्या हाताने पुसून हलक्या होऊन गेलेल्या माणसांचं सगळं काही, तारीखवार.

"फाइल पुसली तरी फोटो राहतात," भाची हळूच म्हणाली. "पण मावशी, यातलं काही मशीनच्या बाहेर गेलेलं नाही गं. सगळं इथल्या इथेच."

"इथल्या इथेच राहिलं म्हणून तर झालं! बाहेर गेलं असतं तर कुणा परक्याने वाचलं असतं. कार्बन मला दिसायचा गं. हातात धरता यायचा. याने उजेडात काही दाखवलं का मला?"

"मी 'हो' दाबलं होतं. मी नीट वाचलं नाही."

बाईंना तिच्यावर खेकसायचं होतं. पण पोरीचं तोंड बघून त्यांना ते जमलं नाही. "मी तरी कुठे विचारलं," त्या म्हणाल्या. भाचीने ते फोटो घेणं बंद केलं, साठलेलं सगळं पुसलं, दोनदा तपासलं. बाई शेजारी बसून बघत होत्या, पण बघून विश्वास बसावा असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई एका वहीत नावं आठवून आठवून लिहू लागल्या आणि एकेकाच्या दारी जाऊन सांगू लागल्या, की तुमचं पत्र पुसलं गेलं नव्हतं. कुणी म्हणालं, जाऊ द्या बाई. कुणी दार लावून घेतलं. एक म्हातारे मास्तर म्हणाले, "हे सांगायला आला नसतात तर मी सुखात राहिलो असतो."

दहाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत धुलाईवाली आली. बाई उभ्याच राहिल्या.

"मी माझ्या बोटाने पुसलं होतं," धुलाईवाली म्हणाली. त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. मग ती बसली. "त्यांनी हात नाही उचलला. दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, मुलांना कळता कामा नये. भेटायला गेलीस तर परत येऊ नकोस. वाईट नाहीत हो ते. त्यांना परक्याच्या टेबलावर कळलं, तेच त्यांना सोसत नाही. मी सांगितलं असतं तर कदाचित... मी सांगणारच होते. आधी तिला बघून मग."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"शेवटचं पत्र लिहायचंय. हाताने लिहा. तिला कळवा की मी मेले."

"असं मी लिहिणार नाही."

"मग ती वाट बघत बसेल त्या रविवारी."

"बसू नको असं लिहू. पण जिवंत बाईला मारायला सांगू नकोस मला. आधीच एवढं करून बसलेय."

धुलाईवालीने मान डोलावली. बाईंनी पेन घेतलं. तीस वर्षं टायपिंग करून अक्षर शाळकरी पोरासारखं वेडंवाकडं झालं होतं. "येऊ नकोस. मला येता येणार नाही. पुन्हा लिहू नकोस. तू कुठेही असलीस तरी सुखात राहा," एवढंच धुलाईवालीने सांगितलं. कारण नको म्हणाली. कारण कळलं तर पोरगी कुणाला तरी दोष देत बसेल. त्याखाली बाईंनी आपल्या मनाने एक ओळ घातली आणि कागद पुढे केला.

धुलाईवालीने सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीवर ती थांबली. "यात तुझ्या आईचा काही दोष नाही."

"आई हा शब्द मी कधी घातला नव्हता," ती म्हणाली. "पाच पत्रांत एकदाही नाही. म्हटलं, तिने समोर आल्यावर स्वतःहून म्हटलं तर म्हटलं."

"मी नवा कागद घेते. पुन्हा लिहिते."

धुलाईवालीने कागद सोडला नाही. सोललेलं बोट त्या शब्दाखाली धरून ती बसून राहिली. बाहेर दवाखान्याचा भोंगा झाला, पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पाकीट मागितलं.