दोन ट्रान्सफर केसची जीप

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा शिरस्ता. बायकोचं माहेर बोरीपासून दोन कोस आत, आणि पावसाळ्यात ते दोन कोस म्हणजे नुसती काळी चिकण माती. एसटी बोरीला सोडायची, पुढं आपले पाय. वेळ पडलीच तर तिला जीपनं आणायचं, असं मी ती माहेरी निघाली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. परभणीत माझं गॅरेज होतं आणि स्वतःच्या हातांची मला भारी घमेंड होती.

लष्करी लिलावातली एक मोडकी जीप माझ्याकडं पडून होती. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस असते. ती इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवते, आणि तिचा लो गिअर टाकला की गाडी हळू पण जोरानं ओढते. मी भंगारातून दुसरी केस आणून पहिलीच्या मागं जोडायला घेतली. दोन्ही लोमध्ये टाकल्या की ही जीप भिंतसुद्धा ढकलेल, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटलो होतो.

एका सकाळी मेहुणा धापा टाकत गॅरेजात आला. "दाजी, आक्काला पहाटंपासून कळा यायल्यात. लेकरू आडवं हाय म्हणती सुईण. बाज बांधून ठिवलीय, तिला उचलून बोरीला आणताव."

"हिसके बसतील तिला," मी म्हणालो. "हलवू नका. मी गाडी घेऊन येतो."

दुसऱ्या केसचे शेवटचे बोल्ट आवळायचे राहिले होते, म्हणून हा निरोप देऊन मी त्याला एसटीनं पुढं पाठवलं.

बोरी सोडल्यावर दोन्ही लो टाकले. जीप चिखलातून अशी निघाली की मी एकटाच मोठ्यानं हसलो. पण काळी माती चाक जोरात फिरलं तरच मागं उडते. माझी चाकं इतकी हळू फिरत होती की माती टायरच्या खाचांत भरली, मग मडगार्डला जाऊन चिकटली. आमच्याकडचा कुठलाही गाडीवान अशा वेळी बैल थांबवून काठीनं चाक खरवडतो. मी मेकॅनिक, मी कशाला थांबतोय! चाकं जाम झाली, दोन केसची ताकद मात्र येतच राहिली, आणि मागचा ॲक्सल कडकन मोडला.

तिथून गाव जेमतेम कोसभर. मी चालत सुटायला हवं होतं. पण माझी अक्कल गहाण पडलेली. आता पुढच्या दोन चाकांवर नेतो म्हणून मी गाडीखाली शिरलो, मागचा शाफ्ट सोडवला, इंजिन रेस केलं, पुन्हा खाली शिरलो. पुढची चाकं आणखीच रुतली. पान्यानं मी ती केस बडवली, देवाला नाही नाही ते बोललो, चिखलात बसून रडलो. आणि उठून पुन्हा इंजिन रेस केलं.

दुपार कलल्यावर समोरून बाज आली. चार जणांच्या खांद्यावर माझी बायको होती, डोळे मिटलेले. सासरे मागून चालत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "लय वाट पाह्यली तुमची. गाडीचा आवाज यायलता, म्हून थांबलाव. आता येतील, मग येतील..."

बोरीत एक ट्रक मिळाला. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला वाचवलं. पोर पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"इतक्या जवळ होता, तर आले का न्हाई?"

"ॲक्सल मोडला."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "पाय तर न्हवते ना मोडले?"